अर्धा ठेका

भाऊजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "बघा वहिनी, केसभरसुद्धा हलली नाही." फोटोत मैदानाच्या पूर्वेकडच्या गॅलरीचा वरचा मजला होता. तिथल्या प्रत्येक पायरीवर वाळूच्या गोण्या ओळीने बसवल्या होत्या, एका माणसाच्या जागी एक गोणी. दिवसभर त्या तिथे बसून होत्या. गॅलरीची पुढची कड किती वाकली ते मोजलं होतं आणि गोण्या उतरवल्यावर ती पुन्हा जागेवर आली तेही मोजलं होतं. सगळं कसं चोख. फक्त गोण्या सामना बघायला येत नाहीत आणि गोल झाला की उड्या मारत नाहीत, एवढी एक किरकोळ बाब कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मी तसं बोलले तर भाऊजी हसले. माझा राग हसण्यावारी न्यायची आमच्या घरात रीतच आहे. आधी नवरा हसायचा, त्याच्याकडून ती त्याच्या धाकट्या भावाने उचलली. म्हणजे हे भाऊजी. ते फुटबॉल क्लबचे चिटणीस आहेत आणि क्लब म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी स्ट्रक्चरल ऑडिट करते. पूल, पाण्याच्या टाक्या, सभागृहं, जुने कारखाने, जे जे उभं आहे त्याच्यावर अजून किती भरवसा ठेवायचा ते सांगणं हे माझं काम. गॅलरीची तपासणी करून घ्या असा वरून हुकूम आला तेव्हा भाऊजींनी ती मला दिली, कारण घरच्या माणसाची सही पटकन मिळेल अशी त्यांची समजूत होती. इतकी वर्षं मला ओळखूनही त्यांना असं वाटावं याचं मला अजून नवल वाटतं.

ती गॅलरी बांधली तेव्हाचे नकाशे मी बारकाईने पाहिले होते. बांधणाऱ्याने कामचुकारपणा केलेला नव्हता. त्याने हिशोब धरला तो बाकावर बसणाऱ्या माणसांचा. ती येणार, बसणार, टाळ्या वाजवणार, हरलो की शिव्या घालत घरी जाणार. वरच्या मजल्याचा पुढचा भाग खालून आधार न देता मैदानावर पुढे काढलेला आहे, म्हणजे खालच्यांच्या डोळ्यांसमोर खांब येत नाही. मागे खांबांना धरून असलेल्या लोखंडी तुळयांवर तो सगळा तोललेला. बसणाऱ्यांसाठी ते पुरेसं होतं. पण माणसं बसायची थांबली. बाक काढून टाकले, उभ्याने सामना बघायची टूम निघाली, मग गाणी आली आणि गाण्यांमागून ड्रम आला. गॅलरी आहे तीच राहिली आणि तिच्यावरची माणसं पार बदलली, हे मात्र कुठल्याही कागदावर कधी चढलं नाही.

तो ड्रम माझी लेक वाजवते.

दिवसभर ती एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे मोकळे करते आणि सामन्याच्या दिवशी वरच्या गॅलरीच्या अगदी पुढच्या कठड्याशी उभी राहून हजारो लोकांना नाचवते. तिचा ठेका भरधाव, सेकंदाला तीन ठोके. शहरभर त्याचं कौतुक आहे. मी गॅलरीत जाऊन तो कधी ऐकला नव्हता. मोजला मात्र होता. एका सामन्याला मी गॅलरीला ठिकठिकाणी सेन्सर लावले आणि जिन्याखालच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. लेकीचा ठेका सुरू झाला की पडद्यावरची रेघ डोंगरासारखी वर चढायची, थांबला की खाली यायची. प्रत्येक बांधकामाची हलायची स्वतःची एक गती असते. त्या गॅलरीची गती नेमकी लेकीच्या ठेक्याला जाऊन मिळत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी एवढी पेटले नसते. पण तुळई खांबाला जिथे जोडलेली आहे तिथल्या वेल्डिंगमध्ये मला भेग सापडली, बोटभर लांब. नुसत्या ओझ्याने अशी भेग पडत नाही. तार हाताने तोडायची तर आपण ती ओढत बसत नाही, इकडून तिकडे वाकवत राहतो, तशी ही तुळई दर सामन्याला वाकवली जात होती. शेवटी तार कितव्या वेळेला तुटेल हे कुणी सांगू शकत नाही. पण वाकवत राहिलं तर ती तुटते, यात शंका नाही.

मी अहवालात स्वच्छ लिहिलं की जोड दुरुस्त करून पुढच्या भागाला खालून आधार देईपर्यंत वरचा मजला बंद ठेवावा. त्यावर भाऊजींचं उत्तर म्हणजे त्या वाळूच्या गोण्या. अंतिम सामना तोंडावर आला होता, वरच्या मजल्याची तिकिटं विकून झाली होती, आणि माझा अहवाल त्यांच्या घशात काट्यासारखा अडकला होता.

"पडेल का ते सांगा," ते म्हणाले. "हो की नाही?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि तेच तर भीतीचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हिच्यावर माणसं उभी करावीत इतका भरवसा आता उरलेला नाही. भाऊजींनी यातलं 'माहीत नाही' तेवढं उचललं. जाताना नवऱ्याला सांगून गेले की वहिनींनाही खात्री नाहीये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, जाऊ दे, तो पोटतिडकीने बोलतो. जणू मी हौसेखातर बोलत होते.

मग मी पालिकेच्या परवाना विभागात गेले. तिथला अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, अहवाल चाळला आणि एका पानावर बोट ठेवून तो म्हणाला, "मॅडम, इथे फक्त 'पडेल' असं लिहून द्या. आत्ता कुलूप लावतो."

मी त्याला समजावलं की मी ज्योतिषी नाही. असं विधान कुणीही प्रामाणिकपणे करू शकत नाही. धोका वाढतोय हे मी दाखवू शकते, किती वाढलाय हेही दाखवू शकते. तो मान हलवत ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, म्हणजे पडणार नाही असंही असू शकतं. मी म्हटलं, असू शकतं. त्याने पान उलटलं.

तो एक शब्द लिहिण्याचा मोह मला झाला नाही असं म्हणणार नाही. पेन हातातच होतं. पण पडेल म्हणून लिहावं आणि ती आणखी दोन वर्षं उभी राहावी, मग माझ्या पुढच्या अहवालाला कुणी भीक घातली नसती. पुढचा अहवाल एका पुलाचा होता. खरं बोललं तर मनावर घेत नाहीत आणि खोटं लिहिलं तर पुढचं खरंही मातीमोल, असा तो पेच. मी पेनला टोपण लावलं आणि तिथून बाहेर पडले.

अधिकाऱ्याने अहवाल अगदीच गुंडाळला मात्र नाही. त्याने क्लबला पत्र धाडलं की अहवालात दाखवलेल्या धोक्यावर उपाय करा आणि कळवा. भाऊजींनी उपाय केला.

त्या दिवशी मी घरी आले तर लेक आधीच येऊन बसली होती. ड्रम जमिनीवर, काठ्या मांडीवर, चेहऱ्यावर मला सरप्राइज द्यायचं असलं की येतो तो भाव. तिने मला समोर बसवलं आणि वाजवून दाखवलं. ठेका तोच, पण संथ. जिथे दोन ठोके होते तिथे एकच. तिने सांगितलं की काकांनी तुझा अहवाल मला वाचून दाखवला, सेकंदाला तीन ठोके धोक्याचे असं तू लिहिलंयस, म्हणून आम्ही ठेका अर्धा केला. सगळ्या पोरांना तीन संध्याकाळी बसवून शिकवला. कुणाला आवडत नव्हता, तिने भांडून गळी उतरवला. परवाना विभागानेही उपाय मान्य केला होता.

मी घाबरले. आणि मी घाबरले की तोंडातून आग निघते.

मी इतकी ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. काय ओरडले ते सगळं सांगण्यासारखं नाही. भाऊजींच्या अकलेचे मी वाभाडे काढले, त्या अधिकाऱ्याचे काढले, आणि समोर होती म्हणून लेकीचेही काढले. ती आधी गोंधळली, मग तिचा चेहरा लाल झाला. ती माझीच मुलगी.

"जोरात वाजवलं तरी चूक, हळू वाजवलं तरी चूक," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केलं मी हे, आई. शिव्या खाल्ल्या पोरांच्या. तुला कशात समाधान आहे का?"

मी तिला विचारलं, लहानपणी बागेतला झोका आठवतो का? माझा हात दुखायला लागला की मी दर झोक्याला ढकलत नसे, एक सोडून एक ढकलायची. झोका थांबायचा? तिने नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, वेळ साधली की झालं, एक सोडून एक ढकललं तरी झोका चढतोच. अर्धा ठेका त्या गॅलरीला तसाच लागू पडतो. आणि दुसरी आफत तर त्याहून मोठी आहे. तुझ्या भरधाव ठेक्यावर लोक नुसते गुडघे हलवतात आणि मिनिटात दमतात. या संथ ठेक्यावर शेंबड्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे दोन्ही पाय उचलून उडी मारतील, एकाच वेळी खाली येतील, आणि कुणी दमणार नाही. उडी मारून खाली आल्यावर गुडघ्यावर किती भार येतो ते तू रोज पेशंटना सांगतेस. ते सगळे गुडघे आता एकदम त्या तुळयांवर येणार आहेत.

तिचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला. तिला कळलं होतं, मी पाहिलं. पण कळणं वेगळं आणि आपल्या माणसांसमोर जाऊन शब्द फिरवणं वेगळं. तीन संध्याकाळी भांडून ज्यांना शिकवलं त्यांना आता काय सांगू, तिने विचारलं. वाजवूच नको, मी म्हटलं. ती म्हणाली, मी नाही वाजवलं तर दुसरं कुणी वाजवेल, आणि ठेका आता सगळ्यांना येतो. आणि तूच म्हणतेस की पडेल की नाही ते माहीत नाही. मग ती उठली, काठ्या पिशवीत टाकल्या आणि दारात थांबली.

"तू एकदा तरी वर आली आहेस का?" तिने विचारलं. "आकडे घेऊन जिन्याखाली बसतेस. ये ना वर. माझ्या शेजारी उभी राहा आणि सांग कधी थांबायचं ते."

दार आपटून ती गेली. नवरा पेपरमागून म्हणाला, जाऊ दे. मी त्याच्या हातातला पेपर ओढून घेतला आणि चुरगळून टाकला. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मी एवढं पहिल्यांदाच केलं.

परवाना विभागाला मी अर्ध्या ठेक्याबद्दल सविस्तर पत्र लिहिलं, झोक्याची गोष्ट घालून. पोच म्हणून शिक्का मिळाला. भाऊजींना तीनदा फोन केला. पहिल्यांदा ते बैठकीत होते, दुसऱ्यांदा गाडी चालवत होते आणि तिसऱ्यांदा म्हणाले, वहिनी, तुम्ही सांगितलं ते आम्ही ऐकलं, आता तुम्हीच फिरताय. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं.

सामन्याच्या दिवशी मी वर गेले. दुसरा मार्गच दिसत नव्हता. लेक वर असताना मी खाली पडद्यावरची रेघ बघत बसणार नव्हते.

पुढच्या कठड्यापाशी लेकीने माझ्यासाठी जागा धरली होती. आमच्यात बोलणं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, ड्रमचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि थोडी सरकली. मागे माणसंच माणसं, पार छपरापर्यंत. बायका होत्या, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं होती, एकमेकींच्या गालावर क्लबचे रंग फासणाऱ्या मुली होत्या. एका बाईने मला विचारलं, तू हिची आई का, आणि मी हो म्हणताच तिने माझा गालगुच्चा घेतला. ही सगळी माणसं मला नकाशात एक आकडा म्हणून ठाऊक होती. त्यांच्या मध्ये उभी राहिले तेव्हा मला आणखीच राग आला. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

आणि मग लाऊडस्पीकरवर भाऊजींचा आवाज आला. पाहुण्यांचं स्वागत, प्रायोजकांचे आभार, आणि नंतर हे, की आपल्या पूर्व गॅलरीबद्दल काही अफवा पसरल्या होत्या, पण तिची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाई आज स्वतः वरच्या मजल्यावर पहिल्या रांगेत उभ्या आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझी पाठ थोपटली. मी ओरडून काहीतरी म्हणाले, बहुधा अत्यंत असभ्य, पण टाळ्यांत ते बुडून गेलं. इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता. भाऊजी स्वतः समोरच्या गॅलरीत होते, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर.

सामना सुरू झाला. सुरुवातीला लेक थोडंच वाजवायची आणि थांबायची. माझे हात कठड्यावर होते, तळवे उघडे. लोखंड बोलतं ते तळव्यांना आधी कळतं. मग आपल्या संघाने गोल केला.

सगळी गॅलरी एकदम पेटली. लेकीने ठेका धरला, तो अर्धा ठेका, आणि माझ्या पाठीमागची हजारो माणसं एकदम वर गेली आणि एकदम खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. खरोखर कुणी दमत नव्हतं. आधी तळव्यांना नुसती थरथर कळली. मग कठडा हातात वर येऊ लागला. समोरच्या गॅलरीचं छप्पर मला आमच्या कठड्याच्या वर दिसायचं, मग खाली जायचं, आणि दर खेपेला जरा जास्तच. पायाखालची जमीन सरकणं हे मी आयुष्यभर लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. माझ्या पायाखालची खरोखर जात होती आणि परत येऊन तळपायांवर आपटत होती. मागून, खांबांच्या दिशेने, करकर असा कोरडा आवाज आला.

मी लेकीचा दंड धरला. गरज नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या पायांनाही कळलं होतं. तिने काठ्या वर उचलल्या आणि थांबली.

लोक थांबले नाहीत.

त्यांना आता तिची गरज उरली नव्हती. ठेका त्यांच्या अंगात भिनला होता, टाळ्या तोच ठेका धरून होत्या, गाणं त्याच ठेक्यावर चाललं होतं. तिने हात हलवले, थांबा म्हणून ओरडली. मागच्यांना वाटलं ती चेव आणतेय, त्यांनी आणखी जोर केला. मी शेजारच्या माणसाला धरून खाली दाबायला गेले. तो हसत मलाच घेऊन उडी मारायला लागला. माझा सगळा अभ्यास, सगळा संताप, काही म्हणजे काही उपयोगाचं नव्हतं.

तेव्हा लेकीने काठ्या पुन्हा ड्रमवर आणल्या आणि चुकीचं वाजवायला सुरुवात केली.

मला आधी कळलंच नाही. ठोका यायचा तिथे तो येत नव्हता, नको तिथे दोन येत होते, मग लांबलचक काही नाही, मग अचानक धाडकन एक. तिला ठेका चुकवणं किती अवघड जात होतं ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं. लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवणारी पोर ती, झोपेतही तिचा ठेका चुकला नसता. सगळा जोर लावून ती तो मोडत होती. पुढच्या रांगेतले लोक अडखळले. काही वर असताना काही खाली आले. टाळ्या विस्कटल्या, गाणं मागे-पुढे झालं, कुणीतरी ओरडलं की हिला झालंय काय. ती वाजवतच राहिली, आणखी वाईट. कठड्याचं वर-खाली होणं कमी झालं, मग नुसती थरथर उरली, मग तीही विरली.

लोकांनी तिची हुर्यो केली. तिची स्वतःची माणसं, तीन संध्याकाळी तिच्यासमोर बसलेली. एक पाण्याची बाटली येऊन तिच्या खांद्यावर आदळली. उरलेल्या सगळ्या वेळात, जेव्हा जेव्हा त्यांनी ठेका जमवायचा प्रयत्न केला तेव्हा तेव्हा तिने तो बिघडवला. एका पोराने ड्रम हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आपला संघ हरला. शिव्या घालत, आम्हाला धक्के देत लोक खाली उतरले. मी कठडा धरून शेवटचा माणूस जाईपर्यंत मोजत होते, आणि लेक ड्रमवर डोकं टेकून रडत होती.

भाऊजी खाली जिन्यापाशी भेटले. चेहरा पडलेला, पण मला बघून त्यांना काहीतरी आठवलं आणि ते म्हणाले, "तरी तुमची भीती तर गेली ना वहिनी? एवढ्या उड्या मारल्या लोकांनी. पडली का? आता तर खात्रीच झाली."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना जिन्याखालून मागे ओढत नेलं, खांबापाशी, शिडीवर चढवलं. बोटभर भेग आता वीतभर झाली होती आणि तोंडाशी उघडी पडली होती. मी खाली शिडी धरून उभी राहिले आणि त्यांना त्यात बोट घालायला लावलं. नख आत गेलं. मी म्हटलं, ही तुमची खात्री. अजून एक गोल झाला असता तर आत्ता आपण इथे काय उचलत असतो ते बोला. त्यांनी बोट काढून घेतलं, रुमालाला पुसलं आणि भेगेकडे पाहत राहिले. मला वाटलं आता तरी. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे अजून कुणाला दाखवलंत का?"

मी शिडी सोडून दिली नाही, एवढाच माझ्या स्वभावाचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी भेगेचे फोटो मी परवाना विभागाच्या टेबलावर ठेवले. अधिकाऱ्याने ते पाहिले, पूर्वीचा फोटो पाहिला, आणि कुठलाही शब्द लिहून न मागता कुलूप लावायला माणूस पाठवला. दार बंद झालं. त्यावर क्लबने मोठा रंगीत फलक लावला, की वरचा मजला सुशोभीकरणासाठी बंद आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सुशोभीकरण. मी फलकाचा फोटो काढून वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. एकाने आतल्या पानावर चार ओळी छापल्या. जे पडलं नाही त्याची बातमी होत नाही. हरलेल्या सामन्याची मात्र पानं भरून होते, आणि प्रत्येक पानावर माझी लेक होती, ऐन वेळी घाबरलेली, ठेका विसरलेली, कुणाच्या मते तर दुसऱ्या संघाने फितवलेली. ड्रम आता दुसराच पोरगा वाजवतो, खालच्या गॅलरीत, जिच्या पायाखाली भक्कम माती आहे.

लेकीने कुणाला काही समजावलं नाही. मी समजवायला लागले की ती विषय बदलायची.

परवा आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता, गळ्यात क्लबचा मफलर आणि खांद्यावर चारेक वर्षांची मुलगी. त्याने लेकीला ओळखलं आणि मुलीला सांगितलं, आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की ती बघ, आपण वर होतो ना त्या दिवशी, हिच्यामुळे हरलो. मुलीने बोट दाखवलं. बापाने हातांनी ड्रम वाजवायची वेडीवाकडी नक्कल केली आणि ती खांद्यावर बसून खदखदून हसायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिशवी खाली ठेवली. लेकीने माझा हात धरला. ती त्या मुलीकडेच बघत होती.

"हसू दे गं," ती म्हणाली. "हसतेय ना ती."

तिचं म्हणणं मला समजलं, ती मुलगीही त्या दिवशी वर होती. तिने हात सोडला, आणि तरीही मी रस्ता ओलांडून त्या माणसाकडे गेले.